चालू, बंद आणि मधली कॉइल

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की पिंपळीच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो, आणि आता उसाच्या कडेला, विहिरीजवळ, सोलर पॅनलची चौकटही दिसू लागली आहे. पॅनल सगळ्यांना दिसतात. पाइपातून पडणारे पाणी सगळ्यांना दिसते. या दोहोंच्या मध्ये खांबाला अडकवलेली पेटी मात्र सहसा कोणी उघडत नाही. तिला कोणी कंट्रोलर म्हणते, कोणी ड्राइव्ह, कोणी नुसतेच ‘डबा’. पंप बंद पडला की पहिला संशय पॅनलवर जातो, दुसरा मोटारीवर. पेटीपर्यंत संशय पोहोचलाच, तर ती आहे तशी काढून दुरुस्तीला पाठवायची आणि ती परत येईपर्यंत उभ्या पिकाने वाट पाहायची.

हे पुस्तक त्या पेटीच्या आतल्या एका भागाविषयी आहे. एका व्होल्टेजची डीसी वीज घेऊन दुसऱ्या व्होल्टेजची डीसी वीज देणारा हा भाग, म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर. मोटर रिवाइंडिंग करणारा, आयटीआयचा विद्यार्थी, पदविकेच्या दुसऱ्या वर्षात अडकलेली मुलगी, गावातला वायरमन, यांच्यापैकी कोणालाही तो समजू शकतो असे माझे ठाम मत आहे. गुणाकार, भागाकार आणि थोडी चिकाटी एवढीच तयारी लागते.

हा कन्व्हर्टर फक्त सोलर पेटीतच असतो असे नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा आपे गाड्यांचा कारखाना आहे, आणि 2019 च्या अखेरीस या कंपनीने आपे ई-सिटी ही विजेवरची तीनचाकी बाजारात आणली. विजेवरच्या तीनचाकीत बॅटरी साधारण 48 व्होल्टच्या गटातली असते. हॉर्न, दिवे आणि वायपर मात्र बहुतेक वेळा 12 व्होल्टवर चालतात. सोळा सेलची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पूर्ण भरली की 58 व्होल्टच्या वर जाते आणि उतरत आली की 45 च्या आसपास येते. वरचा आकडा दिवसभर असा हलत असताना दिव्याला 12 व्होल्टच मिळायला हवेत. हे काम सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे बसवलेला तळहाताएवढा कन्व्हर्टर गाडी चालू असेपर्यंत करत राहतो. मोबाइलमध्ये असे कित्येक कन्व्हर्टर दाटीवाटीने बसलेले असतात, कारण प्रोसेसरला एक व्होल्टेज लागते, पडद्याला दुसरे आणि कॅमेऱ्याला तिसरे.

डीसीचे व्होल्टेज बदलणे एके काळी फार अवघड होते. एसीला ट्रान्स्फॉर्मर असतो: लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या, आणि वेढ्यांचे प्रमाण बदलले की व्होल्टेज बदलते. पण ट्रान्स्फॉर्मरला सतत बदलणारे चुंबकक्षेत्र लागते आणि डीसी तर एका दिशेने, एकाच जोराने वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिसनची डीसी मागे पडली आणि गावोगाव एसीच्या तारा गेल्या, त्यामागे हे एक मोठे कारण होते. रेल्वेत मात्र डीसी टिकली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे देशातली पहिली विजेची गाडी निघाली ती 1500 व्होल्ट डीसीवर. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीनही याच विजेवर घाट चढत पुण्याला आली. त्या काळच्या गाड्यांमध्ये सुरुवातीला मोटारीला कमी व्होल्टेज द्यायचे तर वाटेत रेझिस्टन्स घालत आणि गाडीने वेग घेतला की तो टप्प्याटप्प्याने काढत. प्रत्येक स्टेशनावर थांबून निघणाऱ्या लोकलमध्ये, दर वेळी निघताना बरीच वीज या रेझिस्टन्समध्ये तापून जात असे. दिव्यांसाठी, बॅटरीसाठी लहान व्होल्टेज हवे असेल तर एक मोटर चालवायची आणि तिच्या दांड्यावर जनरेटर फिरवायचा. थोड्या वॅटसाठी जड यंत्र, घासणारे कार्बन ब्रश आणि त्यांची देखभाल. पुढे थायरिस्टर आला, 1970 च्या दशकाच्या अखेरीस पॉवर मॉस्फेट आला, आणि सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होणारा, हलता भाग नसलेला स्विच हाताशी आला. मुंबईच्या हार्बर मार्गावरची 1500 व्होल्ट डीसी 2016 च्या एप्रिलमध्ये इतिहासजमा झाली. त्याच सुमारास शेतातल्या विहिरींवर डीसी नव्या वाटेने, पॅनलमधून, परत येत होती.

आता मूळ मुद्द्याला हात घालू. 12 व्होल्टच्या बॅटरीवरून 5 व्होल्टचे, 1 अँपिअर घेणारे यंत्र चालवायचे आहे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाटेत काहीतरी अडथळा ठेवून 7 व्होल्ट खर्ची टाकायचे. यंत्राला 5 वॅट मिळतात आणि अडथळ्यात 7 वॅट तापून जातात, म्हणजे वापरले त्याहून फुकट गेले जास्त. जुन्या रेडिओत आणि साध्या रेग्युलेटरमध्ये हेच होते. त्यांच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा पंखेदार तुकडा असतो तो या उष्णतेसाठी. लहान कामाला हे चालून जाते. 5 हॉर्सपॉवरच्या पंपाला ते परवडणार नाही.

दुसरा उपाय स्विचचा. स्विच पूर्ण चालू असतो तेव्हा त्याच्यातून करंट वाहतो, पण त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज जवळजवळ नसते. पूर्ण बंद असतो तेव्हा टोकांमध्ये व्होल्टेज असते, पण करंट नसतो. उष्णता म्हणजे या दोहोंचा गुणाकार, आणि दोन्ही वेळा एक आकडा शून्य असल्यामुळे गुणाकारही शून्य. या एका निरीक्षणावर सगळे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स उभे आहे. अर्धवट उघडा राहिलेला स्विच तापतो. पूर्ण उघडा किंवा पूर्ण मिटलेला स्विच थंड राहतो.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वाढलेल्याला हे समजायला वेळ लागू नये. आवर्तन सुटले, आपली पाळी आली की चारीचे दार उघडते आणि पाळी संपली की ते मिटते. पाणी किती मिळाले हे दार किती वेळ उघडे होते यावर ठरते. ज्याच्याकडे शेततळे आहे तो पाळीत तळे भरून घेतो आणि मधल्या दिवसांत ठिबकला सलग पाणी देतो. स्विच हे दार आणि कपॅसिटर हे शेततळे. एका फेरीतला जितका हिस्सा स्विच चालू राहतो त्याला ड्यूटी म्हणतात. 12 व्होल्टचे 5 करायचे तर ड्यूटी 5 भागिले 12, म्हणजे 0.417 हवी.

ही तुलना मात्र इथेच थांबवायला हवी, कारण पुढे ती दिशाभूल करते. स्विचच्या मागे नुसता कपॅसिटर ठेवला तर वीज वाचत नाही. रिकामा कपॅसिटर थेट बॅटरीला जोडून भरला, तर त्याच्यात जितकी ऊर्जा साठते तितकीच वाटेत जळून जाते. तार जाड घेतली तरी हिशेब तोच राहतो. फक्त कमी वेळात जास्त करंट धावतो. पदवीच्या परीक्षेत हे गणित पाठ करून गुण मिळवणारे बरेच असतात, पण कन्व्हर्टरमध्ये कॉइल का लागते याचे खरे उत्तर याच गणितात आहे याकडे त्यांचे लक्ष कोणी वेधलेले नसते.

कॉइलचा, म्हणजे इंडक्टरचा, एकच स्वभाव ध्यानात ठेवायचा: तिच्यातला करंट झटकन बदलत नाही. व्होल्टेज दिले की तो हळूहळू, एका ठरलेल्या गतीने वाढतो; उलटे व्होल्टेज दिले की त्याच रीतीने उतरतो. वाढताना ती ऊर्जा चुंबकक्षेत्रात साठवते, उतरताना परत देते.

आता एक फेरी सावकाश पाहू, कारण पुढचे सगळे पुस्तक या एका फेरीवर आहे. स्विच सेकंदाला एक लाख वेळा चालू-बंद होतो असे धरा, म्हणजे एक फेरी 10 मायक्रोसेकंदांची. कॉइल 100 मायक्रोहेन्रीची. स्विच चालू झाला: कॉइलच्या एका टोकाला 12 व्होल्ट, दुसऱ्याला 5, तिच्यावर 7. हे 4.17 मायक्रोसेकंद चालते. 7 गुणिले 4.17 बरोबर 29.2. तेवढ्या वेळात करंट 0.29 अँपिअरने चढतो. मग स्विच बंद झाला. कॉइल करंट तोडू देत नाही, म्हणून तो डायोडच्या, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणाऱ्या भागाच्या, वाटेने फिरत राहतो. आता कॉइलवर 5 व्होल्ट आहेत, पण उलट्या दिशेने, आणि फेरीतले उरलेले 5.83 मायक्रोसेकंद. 5 गुणिले 5.83 पुन्हा 29.2. करंट 0.29 ने उतरतो आणि जिथून निघाला तिथे येतो. भार 1 अँपिअरचा असेल तर कॉइलमधला करंट साधारण 0.85 ते 1.15 या दोन आकड्यांच्या मध्ये चढत-उतरत राहतो, आणि कपॅसिटर तेवढी लहर पोटात घेतो.

चढतानाचा गुणाकार आणि उतरतानाचा गुणाकार सारखा आला पाहिजे. तो सारखा नसेल तर प्रत्येक फेरीत करंट थोडा थोडा चढत जाईल, आणि हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाचा फक्त शंभरावा भाग. तेवढ्यात कॉइलचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो, ती कॉइल म्हणून वागणे सोडते, करंट उसळतो आणि मॉस्फेट फुटतो. दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर काळा पडलेला मॉस्फेट दिसला की तो कशाने गेला याचा शोध घेताना हा गुणाकार विसरू नये.

व्होल्टेज वाढवणारा, म्हणजे बूस्ट प्रकारचा कन्व्हर्टर स्विच, कॉइल आणि डायोड हेच तीन भाग जागा बदलून वापरतो. आधी कॉइल थेट बॅटरीवर जोडून तिच्यात करंट चढवायचा. मग स्विच बंद करायचा. कॉइल करंट थांबू देत नाही, तो पुढे ढकलायला हवे तितके व्होल्टेज ती स्वतः उभे करते, आणि ते बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळते. निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद ठेवले तर 12 चे 24 होतात. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल बंद होताना पडणारी ठिणगी, मोटरसायकलच्या प्लगची ठिणगी, रानडुकरे अडवायला कुंपणाला लावतात त्या झटका मशीनचा धक्का, या सगळ्यांत थोडक्या व्होल्टेजचे मोठे व्होल्टेज होते ते कॉइलच्या भरवशावर. कागदावर ड्यूटी 0.9 केली की दहापट व्होल्टेज मिळते. प्रत्यक्षात कॉइलच्या तारेचा रोध, डायोड आणि स्विच आपापला वाटा काढून घेतात, त्यामुळे चार-पाच पटींच्या पुढे गेले की नुकसान वेगाने वाढते. तिथे ट्रान्स्फॉर्मर असलेल्या प्रकारांकडे वळावे लागते, आणि त्यांच्यासाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

पॅनलच्या बाबतीत कन्व्हर्टरचे काम थोडे वेगळे आहे आणि मला ते सर्वांत सुंदर वाटते. 72 सेलचा एक पॅनल घ्या, चांगल्या उन्हात 37 व्होल्टला 9 अँपिअर देणारा, म्हणजे 333 वॅटचा. तो 12 व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडला तर बॅटरी त्याला स्वतःच्या व्होल्टेजवर, म्हणजे साडेबारावर, खाली ओढते. करंट साडेनऊ अँपिअरच्या वर जात नाही. हाती लागतात सुमारे 119 वॅट. पॅनल तोच, ऊन तेच, आणि दोन तृतीयांश वीज पॅनलमधून बाहेरच पडली नाही. मध्ये 95 टक्के कार्यक्षमतेचा कन्व्हर्टर बसवला की पॅनल 37 व्होल्टवर सुखाने राहतो आणि बॅटरीत 25 अँपिअर जातात. आत 9, बाहेर 25. हे आकडे क्लॅम्पमीटरवर पहिल्यांदा पाहणारा मीटर बिघडला असे समजतो. करंट वाढला कारण व्होल्टेज उतरले. वॅट वाढलेले नाहीत, उलट थोडे कमीच झाले.

विहिरीवरच्या पंपात हेच मोठ्या प्रमाणावर चालते. राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 हॉर्सपॉवरचा, पाच एकरांपर्यंत 5 चा आणि त्यापुढे साडेसातचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच. समजा वर सांगितल्यासारखे नऊ पॅनल एकामागे एक जोडले. ते 333 व्होल्ट देतील. 415 व्होल्टची थ्री-फेज मोटर चालवायला पेटीत सुमारे 587 व्होल्ट डीसी लागते. मधली उडी बूस्टची, ड्यूटी 0.43. उन्हाळ्यात दुपारी सेलचे तापमान 65 अंशांवर जाते आणि दर अंशाला सुमारे 0.4 टक्के व्होल्टेज उतरते, म्हणून तेच पॅनल 280 वर येतात आणि ड्यूटी 0.52 करावी लागते. ढग आला, बदलते. सकाळी आठला वेगळी, साडेबाराला वेगळी. पेटीतला छोटा प्रोसेसर ड्यूटी जराशी हलवून पाहतो: वॅट वाढले तर त्याच दिशेने आणखी जातो, घटले तर माघारी वळतो. दिवसभर तो असा चाचपडत राहतो. काही उत्पादक मोटरच कमी व्होल्टेजची घेतात, त्यामुळे बूस्ट लागत नाही. पेटी उघडण्याआधी मोटरची प्लेट वाचायची ती याचसाठी.

व्होल्टेज स्थिर ठेवण्याचा विषय मी मुद्दाम उशिरा घेतला आहे. भार वाढून व्होल्टेज पडले तर ड्यूटी वाढवायची, हे कोणालाही सुचेल. पण बूस्टमध्ये ड्यूटी वाढवली की पहिल्या क्षणी व्होल्टेज आणखी पडते. स्विच चालू असताना भाराकडे कॉइलमधून काहीच जात नाही. चालू राहण्याचा वेळ वाढला म्हणजे देण्याचा वेळ घटला. कॉइलमध्ये जास्त करंट साठल्यावर, काही फेऱ्यांनंतर, व्होल्टेज वर येते. घाईने दुरुस्ती करणारा कंट्रोलर या मधल्या पडझडीला घाबरून ड्यूटी आणखी वाढवतो, मग भलतीच वाढते, मग कमी करतो, आणि व्होल्टेज डोलू लागते. म्हणून बूस्टचा कंट्रोलर मुद्दाम संथ ठेवतात. 1976 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मिडलब्रुक आणि चुक या दोघांनी चालू स्थितीची आणि बंद स्थितीची समीकरणे ड्यूटीच्या प्रमाणात मिसळून एक सरासरी समीकरण मांडले, आणि हे वागणे आधीच ताडता येऊ लागले. ते प्रकरण पुस्तकात सर्वांत अवघड आहे. ते सोडून पुढे गेलात तरी दुरुस्ती शिकता येईल. डिझाइन मात्र शिकता येणार नाही.

बिघाडांबद्दल थोडे. पेटी उघडल्यावर आधी डोके फुगलेले कपॅसिटर शोधावेत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो, तो उष्णतेने आटत जातो, आणि ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. पत्र्याची पेटी पश्चिमेकडे तोंड करून उन्हात टांगली की दुपारनंतर आत काय होत असेल याचा अंदाज करा. पेटी पॅनलच्याच सावलीत बसवायला एक पैसा जास्त लागत नाही, आणि तरीही उन्हात तापणाऱ्या पेट्या जागोजागी दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आतला कपॅसिटर आटला की लहर वाढते, पण मल्टीमीटर सरासरीच दाखवतो, त्यामुळे आकडा बरोबर येतो आणि पंप मात्र अडखळतो. इथे ऑसिलोस्कोपशिवाय इलाज नाही. निदान तालुक्याच्या प्रत्येक आयटीआयत तो मुलांच्या हाती खेळता असावा.

आणि जिवाचा प्रश्न. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही. ऊन असताना पॅनलचा कनेक्टर ओढून काढला तर हातात पेटती ज्योत येते. एसीसाठी बनवलेला एमसीबी पॅनलच्या बाजूला लावू नये, डीसीचाच आयसोलेटर लावावा. पुरवठा तोडल्यावरही पेटीतल्या कपॅसिटरवर पाचशे-सहाशे व्होल्ट काही मिनिटे राहतात. झाकण काढण्याआधी थांबावे, मग मीटरने डीसी मोजावे, आणि आकडा पन्नासच्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नये. पॅनल झाकायचे तर जाड ताडपत्री. पातळ साडी किंवा पोत्याखालीही ते वीज देतात.

पुस्तकात इंग्रजी नावे आहेत तशीच ठेवली आहेत. दुकानात मॉस्फेट मागायचा आणि पुस्तकात त्याला दुसरेच काही म्हणायचे, यात वाचणाऱ्याचा वेळ जातो. गणिते मात्र सगळी मराठीत सोडवून दाखवली आहेत, आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी टेबलावर करून पाहायचा एक प्रयोग आहे.

पहिल्या प्रयोगाला लागणारे सामान भंगारात मिळते: संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमधले पिवळे-पांढरे रिंगण, त्यावर गुंडाळायला तांब्याची इनॅमल तार, एक मॉस्फेट, एक फास्ट डायोड, 63 व्होल्टचा कपॅसिटर, 12 व्होल्टची बॅटरी, तिच्या तारेत 2 अँपिअरचा फ्यूज आणि भार म्हणून 24 व्होल्टचा छोटा दिवा. बूस्टचा हा प्रयोग भार न जोडता कधीही चालू करू नये. दर फेरीला कॉइल ठरलेली ऊर्जा कपॅसिटरमध्ये ओतते आणि ती घेणारे कोणी नसेल तर व्होल्टेज चढतच राहते, कपॅसिटर किंवा मॉस्फेट फुटेपर्यंत. आधी दिवा जोडा, तो घट्ट बसला आहे हे पाहा, ड्यूटी शून्यावर ठेवा, आणि मग बॅटरी लावा.